शुश्रूषेचे शास्त्र आणि घरची साक्ष

“हे केव्हापासून सुरू झाले?” असा साधा प्रश्न डॉक्टरांनी विचारला आणि आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसल्या होत्या. ही गोष्ट २०१६ सालची. माझे यजमान म्हणाले, “गेल्या वर्षीपासून. जानेवारीत नुमाइशमध्ये आई चुकली, तेव्हापासून.” पुण्याहून मुद्दाम आलेले धाकटे भाऊजी म्हणाले, “छे, मला तर या दिवाळीपर्यंत काहीच जाणवले नव्हते. फोनवर ती अगदी व्यवस्थित बोलत असे.” मी गप्प राहिले. दोन मुलगे आईविषयी बोलत असताना सुनेने मध्ये तोंड घालावे, हे आमच्या वळणात बसणारे नव्हते.

डॉक्टर तरुण होते, पण चतुर असावेत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, “दिवसभर यांच्याजवळ कोण असते?” मग मला बोलावे लागले. मी सांगितले, “२०१३ च्या संक्रांतीपासून.”

सासूबाई नांदेडच्या. राज्यपुनर्रचना होऊन नांदेड हैदराबादपासून तुटले त्या १९५६ सालीच लग्न होऊन त्या नामपल्लीला आल्या. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, अशी त्यांच्या संसाराची सुरुवात झाली. घरात मराठी, दारावर येणाऱ्या भाजीवालीशी तेलुगू आणि बांगड्या भरणाऱ्या मनिहाराशी ‘हौ’, ‘नक्को’ करीत झोकात दख्खनी. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण तीन भाषांत घासाघीस करण्यात त्यांचा हात कोणी धरीत नसे. २०१३ च्या संक्रांतीला मात्र भाजीवाली दारात उभी असताना त्या मला म्हणाल्या, “तूच बोल तिच्याशी, माझा घसा बसलाय.” घसा बसलेला नव्हता, कारण पाच मिनिटांपूर्वीच त्या तिळगुळाच्या पाकावरून मला रागावल्या होत्या. पुढे हा घसा रोजच बसू लागला. तेलुगू शब्द त्यांना सोडून चालले होते आणि त्या ते झाकीत होत्या. हे मी पाहिले होते, मुलग्यांनी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी कागदावरचा २०१५ हा आकडा खोडून २०१३ लिहिला. मग म्हणाले, “आपण सांगितलेत ते फार महत्त्वाचे आहे. या आजाराचे संशोधन अशाच साक्षीवर चालते.” घरी बसून केलेल्या शुश्रूषेला कोणी शास्त्राची साक्ष म्हणेल, असे मला त्या दिवसापर्यंत स्वप्नातही वाटले नव्हते. आज ज्या विषयावर लिहावयाचे आहे, त्याचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

पाच स्थानकांवरचे संशोधन

नामपल्लीहून मेट्रोने निघाले की असेंब्ली, लकडी-का-पूल, खैरताबाद, इर्रम मंझिल आणि मग पंजागुट्टा लागते. तेथील निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस हे रुग्णालय आपणा सर्वांच्या परिचयाचे. त्या संस्थेतील मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले एक संशोधन २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याने जगाचे लक्ष हैदराबादकडे वेधले. स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी अभ्यासिल्या. त्यांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा या लोकांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली. अक्षरओळख नसलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. म्हणजे तो केवळ शाळेचा परिणाम नव्हता. दोनाहून अधिक भाषा येण्याने मात्र आणखी लाभ होतो, असे दिसले नाही.

या निष्कर्षाचा अर्थ जपून घ्यावयास हवा. दोन भाषा येणाऱ्याला हा आजार होत नाही, असे कोणी म्हटलेले नाही. आमच्या सासूबाईच त्याचे उदाहरण आहेत. शिवाय हा अभ्यास दवाखान्यात आलेल्या रुग्णांपुरता होता, जे घरीच राहिले त्यांचा हिशेब त्यात नाही. तरीही त्याचे मोल मोठे आहे. परदेशांत असे अभ्यास झाले तेव्हा एक शंका नेहमी उरत असे. तेथे दोन भाषा बोलणारे बहुतेक लोक बाहेरून येऊन स्थायिक झालेले असत, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, हे ठरविणे कठीण जाई. हैदराबादेत मात्र माणूस जन्मला त्याच गल्लीत राहून सहज दोन-तीन भाषा बोलतो. हे शहरच त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास योग्य होते.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्या साडेचार वर्षांचे गणित कशावर उभे आहे? आजाराची सुरुवात कोणत्या वयात झाली, या एका आकड्यावर. हा आकडा रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि मेंदूच्या छायाचित्रावर छापलेला नसतो. तो घरचे माणूस सांगते. सून, लेक, पत्नी, कधी पती, असे कोणीतरी आठवून म्हणते की, ‘अमक्या सणाला मीठ दोनदा पडले’, आणि तेथून शास्त्राचा धागा सुरू होतो. आमच्या घरी त्या दिवशी मी बोलले नसते, तर दोन वर्षांची चूक कागदावर कायम राहिली असती.

न विचारलेले प्रश्न

आपल्या समाजात सेवा हा धर्म मानला आहे. म्हाताऱ्या माणसाचे करणे हे पुण्य आहे, असे आपण मुलींना लहानपणापासून शिकवितो. त्यात गैर काही नाही. पण पुण्य म्हटले की त्याची मोजदाद थांबते. रात्री किती वेळा उठावे लागले, मागल्या वर्षी किती लग्नकार्यांना जाता आले नाही, औषधाला किती पैसे गेले, करणाऱ्या बाईची स्वतःची पाठ केव्हा धरली, हे कोणी विचारीत नाही आणि ती सांगत नाही.

न विचारलेले दुःख किती मोठे असू शकते, हे महाराष्ट्राला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवून दिले. गडचिरोलीतील दोन गावांत त्यांनी स्त्रियांची तपासणी केली व १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. दुखणे घरोघर होते, फक्त कोणी विचारले नव्हते. शुश्रूषेच्या बाबतीत आपली अवस्था आजही पुष्कळशी अशीच आहे.

स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात ‘१०/६६’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. १९९८ मध्ये त्याची स्थापना झाली. नाव विचित्र वाटेल, पण त्यात एक तक्रार दडलेली आहे. त्या काळच्या हिशेबाप्रमाणे या आजाराचे ६६ टक्के रुग्ण आपल्यासारख्या विकसनशील देशांत राहत आणि त्यांच्याविषयी होणारे संशोधन एकूण संशोधनाच्या १० टक्केही नव्हते. आपल्याकडील वृद्ध कसे जगतात, त्यांचे कोण करते, हे शास्त्राच्या ग्रंथांत जवळजवळ नव्हतेच.

त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालविलेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये सुरू झाली आणि तीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोक सहभागी झाले. त्यांपैकी साठीपुढील ४,०९६ जणांची स्मृती आणि आकलन यांची सविस्तर परीक्षा झाली, आणि त्यांना जवळून ओळखणाऱ्या माणसाची मुलाखतही घेण्यात आली. तिच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. या प्रत्येक आकड्याआड एक घर आहे आणि त्या घरात बहुधा एक जागी असणारी बाई आहे.

गोव्याचा प्रयोग

आजार मोजणे हे एक काम झाले. करणाऱ्याचे ओझे हलके कसे करावे, हे दुसरे. या दुसऱ्या कामाचे एक सुरेख उदाहरण गोव्यात घडले. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे निवडली आणि दोन गट केले. कोणते कुटुंब कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगावर सोडले, म्हणजे पक्षपाताला जागा राहू नये. एका गटाच्या घरी सहा महिने एक सल्लागार नियमाने जाई. दुसऱ्या गटाला आजाराची माहिती देण्यात आली आणि सहा महिन्यांनंतर हीच मदत देण्याचे ठरले.

हे सल्लागार कोण होते? मोठे पदवीधर नव्हेत. उच्च माध्यमिक शिक्षण झालेली, कोंकणी बोलणारी आणि वृद्धांविषयी आस्था असलेली माणसे. त्यांना आठवडाभर शिकवून तयार केले होते आणि मागे तज्ज्ञ डॉक्टरांचा आधार होता. निदान पंधरवड्यातून एकदा ते घरी येत. आजी रात्री ओरडते तेव्हा काय करावे, आंघोळीला नकार दिला तर कसे समजवावे, घरातील कामे कशी वाटून घ्यावीत, सरकारी मदत कोठे मिळते, अशा साध्या गोष्टी ते सांगत आणि मुख्य म्हणजे ऐकून घेत. सहा महिन्यांनंतर, ज्या घरी सल्लागार गेले होते तेथील शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलेले आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मला या प्रयोगातील दोन गोष्टी मनाला भिडतात. पहिली ही की उपाय स्वस्त आणि माणसांच्या आवाक्यातला होता. दुसरी ही की तो खरा की खोटा हे ठरविण्यासाठी ८१ घरांनी आपली दारे उघडली. घरची अडचण परक्यापुढे मांडण्यास आपण किती संकोचतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या औदार्याची किंमत कळेल.

सही करण्यापूर्वी

म्हणून माझे वाचकांना, विशेषतः भगिनींना, सांगणे आहे की असे संशोधक दारी आले किंवा दवाखान्यात भेटले तर त्यांना विन्मुख पाठवू नये. पण आंधळेपणाने होकारही देऊ नये. हे मी अनुभवाने सांगते. सासूबाईंच्या आजारपणात एका संस्थेचे लोक आमच्याकडे एक लांबलचक पत्रक घेऊन आले. ते सगळे इंग्रजीत होते. मी भिडेपोटी सही केली, दोन तास प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्यानंतर त्या मंडळींचे तोंड पुन्हा दिसले नाही. आमच्या उत्तरांचे काय झाले, त्याचा कोणाला उपयोग झाला का, हे मला आजतागायत कळलेले नाही. राग त्यांचा येतो, त्याहून अधिक स्वतःचा येतो. विचारण्याचा अधिकार मला होता आणि मी तो वापरला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये यासंबंधी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. त्यांतील सार प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावे. संशोधनास नैतिकता समितीची मान्यता हवी. संमतिपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे. वाचता येत नसेल तर ते वाचून व समजावून सांगितले पाहिजे आणि त्याची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. कारण न देता केव्हाही माघार घेता येते आणि माघार घेतली म्हणून चालू उपचारांत खंड पडता कामा नये. रुग्णाला स्वतः समजून संमती देणे शक्य नसेल, तर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून जवळचे नातेवाईक ती देतात, पण रुग्णाने मान हलवून नकार दिला तर त्याचाही मान राखावयाचा असतो. नवे औषध किंवा उपाय तपासून पाहणारा प्रयोग असेल, तर त्याची नोंद त्याच परिषदेच्या सार्वजनिक नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे. ती नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. आणि संशोधनाच्या नावाखाली जो पैसे मागतो किंवा बँकेचा तपशील विचारतो, त्याला उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करावा.

भाषेचा प्रश्न आपल्यासाठी विशेष नाजूक आहे. स्मृतीची परीक्षा परक्या भाषेत घेतली तर आजार नसलेला माणूसही नापास होईल. याच परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी भारतीय भाषांतील कसोट्या तयार करविल्या. पहिल्या टप्प्यात त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाल्या. हैदराबादच्या मराठी वृद्धाला तेलुगू किंवा हिंदी येते, असे गृहीत धरले जाते आणि बहुधा ते खरेही असते. पण आमच्या सासूबाईंसारखी ज्यांची तेलुगू आधी गेली, त्यांचे काय? परीक्षेच्या वेळी शेजारी बसून “यांना हा प्रश्न मराठीत विचारा” असे सांगणारे घरचे माणूस हवे. तेही संशोधनाला हातभार लावणेच आहे.

इंग्लंडमध्ये १९९६ पासून रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना संशोधनाच्या आखणीतच सामील करून घेण्याची रीत पडली. कोणता प्रश्न आधी अभ्यासावा, पत्रकातील कोणते वाक्य लोकांना बोचेल, हे तेही सांगतात. आपल्याकडे ही रीत अजून रुळायची आहे. ती रुळेपर्यंत निदान संशोधकाला उलट दोन प्रश्न विचारण्याचा पायंडा आपण पाडावा. ‘यातून आमच्यासारख्यांना काय मिळेल?’ हा एक, आणि ‘निष्कर्ष आम्हाला कळवाल काय?’ हा दुसरा.

आधार कोठे शोधावा

साक्ष देण्यासाठी आधी माणूस उभे राहू शकले पाहिजे. जी स्वतःच खचली आहे ती दुसऱ्याला काय सांगणार? १४५६७ हा वृद्धांच्या मदतीसाठी असलेला राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. त्याचा आरंभ टाटा ट्रस्ट्सने तेलंगण सरकारच्या सहकार्याने २०१७ मध्ये आपल्या हैदराबादेतच केला आणि पुढे तो देशभर गेला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे, तिची हैदराबादेतही शाखा आहे. अशा ठिकाणी माहिती मिळते आणि आपण एकट्या नाही हे कळते. दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे.

पण सर्व काही बाहेरून यावे असे नाही. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने निजामाच्या राजवटीत मराठी शाळा उभ्या केल्या. त्या वारशावर जगणाऱ्या आपल्या मंडळांना महिन्यातून एक दुपार, एक खोली आणि चहाचे आधण एवढे देणे जड जाऊ नये. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले किंवा विसर पडलेले माणूस आहे, अशा बायका-पुरुषांनी तेथे तासभर बसावे. तेवढा वेळ त्यांच्या घरच्या माणसाजवळ मंडळाचा कोणी तरुण बसावा. त्या तासात जे प्रश्न निघतील ते कोणीतरी वहीत उतरवून ठेवावेत. उद्या एखादा संशोधक विषय शोधीत आला तर ती वहीच त्याच्या हाती द्यावी.

वहीची गोष्ट निघाली म्हणून सांगते. डॉक्टरांच्या त्या भेटीनंतर मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने वापरू लागले. तारीख, रात्री किती वेळा उठल्या, काय खाल्ले, कोठे पडल्या, कोणता शब्द गेला, एवढेच लिहीत असे. शेवटच्या वर्षी दख्खनीही गेली, मराठीही आटत आली, आणि उरली ती नांदेडच्या माहेरची हाक मारायची नावे. २०१९ च्या अखेरीस सासूबाई गेल्या. वह्या तीन भरल्या होत्या. पुढच्या भेटीत त्याच डॉक्टरांनी त्या चाळून पाहिल्या आणि काही पानांच्या प्रती ठेवून घेण्याची परवानगी मागितली. या वेळी मी आधी विचारले, कागद हिंदीत वाचून घेतला, नाव वगळण्याची अट घातली आणि मग सही केली.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत आज कोणीतरी असेच जागे आहे. एक वही त्यांच्याही उशाशी असू द्यावी, आणि घरातील इतरांनी ती महिन्यातून एकदा तरी वाचावी.